जुन्या कौलारू घराचं वायरिंग: नुसता एमसीबी टाकून भागत नाही, मग सुरुवात कुठनं करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यात आजोबांच्या वेळचं कौलारू घर, सोप्यात आणि माजघरात लाकडी पट्टीवरचं वायरिंग, मागच्या पडवीला नंतर कधीतरी ॲल्युमिनियमची वायर ओढलेली, पावसाळ्यात फ्रिजला हात लागला की मुंग्या येतात, न्हाणीघरातल्या नळालाही तसंच होतंय, आणि वायरमन म्हणतोय की मेनला एमसीबी (जास्त करंट चालला की आपोआप पडणारा स्विच) बसवला की काम झालं. ते पुरे आहे का, आणि सगळं एकदम बदलायला पैसे नाहीत तर आधी काय करायचं.

पुरे नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली जुनी घरं, वाडे, तंबाखूच्या वखारी यांचं वायरिंग मी बरीच वर्षं करतोय त्यामुळं जरा सविस्तरच सांगतो, पण त्याआधी नळाचं बघा कारण ते थांबण्यासारखं नाही. आजपासनं न्हाणीघरातला गिझर प्लग काढून बंद ठेवा, आंघोळीला बंबात नाहीतर चुलीवर पाणी तापवा, आणि लहान मुलांना ओल्या पायांनी त्या नळाकडं जाऊ देऊ नका. मग कुणाकडनं तरी मल्टिमीटर आणा आणि नळ आणि बाहेरची ओली जमीन यांच्यात व्होल्टेज बघा (हात लावून बघायचं नाही, टेस्टरवर पण विश्वास ठेवायचा नाही, निऑन टेस्टर थोड्याशा गळतीलाही पेटतो आणि कधी कधी खरा करंट असून पण उजेडात दिसत नाही). आता घराचा मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, आणि परत बघा. व्होल्टेज गेलं तर दोष तुमच्या घरात आहे. मेन पाडून पण राहिलं तर ते बाहेरनं येतंय, शेजाऱ्याच्या पाइपलाइनमधनं नाहीतर खांबावरनं आलेल्या वायरीतनं, आणि मग तुमच्या घरात कितीही पैसे घातले तरी ते जाणार नाही, हेस्कॉमच्या (आपल्या भागातली वीज कंपनी) सेक्शन ऑफिसला नाहीतर १९१२ ला सांगून लाईनमनला बोलवा. ही एवढी तपासणी न करता लोक सगळा गिझर बदलतात, नळ बदलतात, आणि झटका तसाच.

आता एमसीबीचं. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही, हे वायरमनला पण स्पष्ट सांगा. वायरीतनं तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट चालला किंवा फेज (जिवंत वायर) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) एकमेकांना चिकटले की तो पडतो. पण माणसाच्या छातीतनं ०.१ ॲम्पियर काही क्षण गेला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि ६ ॲम्पियरच्या एमसीबीला ०.१ म्हणजे काहीच नाही, त्याला वाटणार एक छोटा बल्ब लागलाय.

"पण अर्थिंग आहे की" म्हणाल. आहे, पण आपली जमीन बघा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं सगळा जांभा, पावसाळ्यात चिंब आणि एप्रिल-मेत खडखडीत कोरडा. समजा तुमच्या अर्थच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स उन्हाळ्यात ३० ओम झाला, आता फ्रिजच्या बॉडीला आतनं फेज चिकटला तर जमिनीत जाणारा करंट किती, २३० भागिले ३०, म्हणजे साडेसात ॲम्पियरच्या आसपास. फ्रिजच्या लाईनीला १६ चा एमसीबी असला तर तो कधीच पडणार नाही, १० चा असला तरी नाही. फ्रिजच्या बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसंच उभं राहणार आणि घरातल्याला वाटणार अर्थिंग केलंय, एमसीबी आहे, काही होत नाही. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत खड्डा बरा लागतो, जांभ्यात नाही, म्हणून तिकडच्या पाहुण्यानं सांगितलेलं इकडं जसंच्या तसं चालत नाही.

याला उपाय एकच, ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी. तो फेजमधनं गेलेला आणि न्यूट्रलमधनं परत आलेला करंट सारखा आहे का एवढंच बघत बसतो, फरक ३० मिलिॲम्पियरच्या वर गेला की क्षणात लाईन तोडतो. वरच्या हिशोबात अर्थ ३० च्या जागी १००० ओम असला तरी गळती २३० मिलिॲम्पियर होते, म्हणजे आरसीसीबी पडणारच. अर्थिंग अजिबात नसलं तरी तो काम करतो, फक्त मग तो माणसाला झटका बसल्यावर पडतो, आणि अर्थ असला की कुणी हात लावायच्या आधीच पडतो, म्हणून दोन्ही पाहिजेत. आणि दोन गोष्टी तो करत नाही तेही माहीत असू द्या, ओव्हरलोडला तो पडत नाही (त्याला एमसीबीच लागतो), आणि एका हातात फेज दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर त्याला कळत नाही. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातनं एकदा दाबायचं, नाही पडला तर बदलायचा.

आता तुमच्या वायरिंगकडं येतो. लाकडी पट्टीत बहुतेक जुनी रबरी वायर असणार, काळं रबर आणि वर सुती वेष्टन. काही घरात सागवानी बॅटनवर टिनच्या क्लिपांनी धरलेली सीटीएस वायर असते, तीही रबराचीच. हे रबर उष्णतेनं आणि वयानं सुकतं, कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. हलवलं नाही तर चाळीस-पन्नास वर्षं तसंच दिसतं, बल्ब लागतो, पंखा फिरतो, म्हणून लोक म्हणतात "चांगलं चाललंय की". पण कुणी नवीन होल्डर बसवायला म्हणून ती वायर ओढली की इन्सुलेशन हातात पापडासारखं तुटून येतं. सगळ्यात वाईट अवस्था सीलिंग रोझमध्ये आणि होल्डरच्या वरच्या वीतभर वायरीत असते कारण तिथं वर्षानुवर्षं ६०-१०० वॅटच्या बल्बची धग बसलेली असते. त्यामुळं जुन्या रबरी वायरीला नवीन पीव्हीसी वायरचा जोड द्यायचा नाही, हा माझा पक्का नियम आहे. एक जागा दुरुस्त करायला गेलं की शेजारची दोन हात वायर तडकते. त्या वायरीला एकतर हात लावू नये नाहीतर स्विचपासनं पॉइंटपर्यंत अख्खी बदलावी.

पडवीतली ॲल्युमिनियम वेगळ्या कारणानं धोक्याची. साठ-सत्तरच्या दशकात तांबं मिळायला अवघड होतं म्हणून आपल्याकडं घराघरांत ॲल्युमिनियम गेली, त्यात त्या वेळच्या लोकांचा दोष नाही. पण ॲल्युमिनियम मऊ, स्क्रूखाली दाबून ती हळूहळू सरकते आणि जोड ढिला होतो, वर हवेनं तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो जो करंटला अडवतो, म्हणजे जोड तापतो, तापल्यानं अजून ढिला होतो. आणि कुणीतरी तिला तांब्याच्या वायरीचा पीळ मारून टेप गुंडाळलेला असतो, आपल्या पावसाच्या दमट हवेत असा जोड आतनं कुजतो. सॉकेटचं तोंड पिवळं-तपकिरी झालेलं, मिक्सर लावल्यावर जळका वास, पंखा मध्येच मंद, ही त्याची लक्षणं. आगीचा धोका मला रबरी वायरीपेक्षा इथं जास्त वाटतो कारण मागच्या पडवीतच आता मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर हे सगळं येऊन बसलंय.

जुन्या बोर्डावर अजून एक सापळा असतो तो नवीन पोरांना माहीत नसतो. चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज असतात, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर घरात अंधार होतो, लोक समजतात लाईट गेली, आणि खुर्चीवर चढून होल्डरला हात घालतात, पण फेज तिथपर्यंत जिवंतच असतो. नवीन बोर्ड करताना न्यूट्रलवर फ्यूज ठेवायचा नाही, तोडायचं तर फेज न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल आयसोलेटर ठेवायचा. आणि फ्यूजमध्ये काय तार घातलीय तेही उघडून बघा. ५ ॲम्पियरची फ्यूज तार साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची, केसासारखी असते. मला बहुतेक घरात तिथं पीळ मारलेली तांब्याची वायर सापडते, म्हणजे फ्यूज नाहीच म्हणायचा, आता वायरच फ्यूज.

तपासणी कधी करायची, हे फार कुणी सांगत नाही. वायरिंगचा मेगर (इन्सुलेशन किती धड आहे ते मोजायचं यंत्र) पावसाळ्यात मारायचा, जुलै-ऑगस्टमध्ये, भिंती ओल्या असताना. मार्चमध्ये मारला तर कुजकी वायर पण पास होते. उलट अर्थचा रेझिस्टन्स एप्रिल-मेत मोजायचा, ऑगस्टमध्ये कुठलाही खड्डा छान आकडा देतो. आणि प्रत्यक्ष काम जानेवारी ते मेमध्ये उरकायचं, कौलं काढून माळ्यावरनं पाइप टाकता येतो आणि भिंती सुक्या असतात. मेगर ५०० व्होल्टचा, आधी बल्ब आणि प्लग सगळे काढायचे, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि इन्व्हर्टर सुटे करायचे, आणि फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं प्रत्येक लाईनीचं वेगळं बघायचं. १ मेगाओमच्या खाली आलं तर ती लाईन त्याच दिवशी तोडायची, "पावसाळा संपू दे मग बघू" नाही. नवीन वायरिंगला शंभराच्या वर आकडा सहज येतो, त्यावरनं जुनं कुठं आहे ते कळतं.

मेगरवाला मिळेपर्यंत घरच्या घरी एवढं करा: सगळे स्विच बंद, सगळे प्लग बाहेर, मेन चालू, आणि मीटरचा लाल दिवा दहा मिनिटं बघत उभं राहा. लुकलुकला तर करंट कुठंतरी भिंतीत मुरतोय. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरवर अर्थ लिकेजचा वेगळा दिवा पण असतो. जुलै २०२३ पासनं कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत सवलत आल्यानं बऱ्याच घरात बिलच शून्य येतं, त्यामुळं आधी बिल वाढलं की गळती कळायची ते आता कळत नाही, म्हणून हे मुद्दाम बघायला लागतं.

पैसे थोडे थोडे असतील तर मी काय करीन ते सांगतो. पहिल्या खेपेला मीटरपासनं आत येणारी मेन लाईन, छोटा डीबी (सगळ्या लाईनी जिथनं फुटतात तो डबा), त्यात आरसीसीबी आणि लाईनवार एमसीबी, आणि अर्थिंग. यात खोल्यांच्या भिंतीला हात लावायची पण गरज नाही आणि घरातल्या माणसांचा धोका सगळ्यात जास्त यानंच कमी होतो. त्याच खेपेत जमलं तर जड सामान जुन्या वायरीवरनं उतरवायचं: गिझर, फ्रिज, मोटर, वॉशिंग मशीन, मिक्सरचा प्लग, यांना डीबीतनं नवीन वेगळ्या लाईनी, सोबत हिरवी अर्थ वायर. गिझरला ४ चौरस मिलिमीटर आणि २० चा एमसीबी, बाकी प्लगांना २.५ आणि १६ चा. २ किलोवॅटचा गिझर पावणेनऊ ॲम्पियर खातो, तो जुन्या वायरीवर एक दिवस पण ठेवू नये. दुसऱ्या खेपेला पडवीतली ॲल्युमिनियम पूर्ण काढून टाकायची. सोपा आणि माजघरातली रबरी वायर मी शेवटी घेईन, आणि हे ऐकून काही वायरमन माझ्याशी भांडतील, पण विचार करा, तिथं आता ९ वॅटचे एलईडी आणि दोन पंखे राहिले, करंट इतका कमी की वायर तापत नाही, प्रश्न फक्त इन्सुलेशनचा. पावसाळ्यात मेगर पास झाला, मागं ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी आहे आणि ६ चा एमसीबी आहे, तर एखादं वर्ष ती थांबू शकते. मेगर नापास झाला तर नाही, मग ती लाईन बंद आणि तात्पुरती वरनं पट्टी मारून दोन बल्ब.

आरसीसीबी बसवला की जुन्या घरात तो बहुतेक वेळा लगेच पडतो. आणि वायरमन म्हणतो "याला सूट होत नाही" आणि काढून टाकतो, हे इतक्या घरात बघितलंय की कळकळीनं सांगतो, काढू देऊ नका. तो पडतोय म्हणजे एकतर खरीच गळती आहे नाहीतर न्यूट्रल घोटाळ्यात आहे. जुन्या वायरिंगमध्ये माजघराच्या दिव्याचा फेज एका लाईनीवरनं आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून दुसऱ्या लाईनीवरनं घेतलेला असतो, रबरी वायरी सगळ्या एकाच काळ्या रंगाच्या त्यामुळं कुणाला कळत पण नाही. एक लाईन आरसीसीबीवर आणि दुसरी बाहेर असली की तो पडणारच. इन्व्हर्टरच्या न्यूट्रलचा पण हाच घोळ असतो. एकेक लाईन सुटी करून शोधायला अर्धा दिवस जातो, तेवढी मजुरी द्या. जमलं तर दोन आरसीसीबी ठेवा, जुन्या भागाला एक, नवीन लाईनींना एक, म्हणजे माजघरात ओल आली म्हणून रात्रीत फ्रिज बंद पडणार नाही.

अर्थिंग परसात, जिथं न्हाणीघराचं पाणी जातं, केळीच्या आळ्याजवळ, तिथं घ्या, ओल राहते. जांभ्यात रॉड ठोकून जात नाही, खणायलाच किंवा बोअर मारायला लागतं. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ नाहीतर बेंटोनाइट, आणि एका खड्ड्यानं आकडा येत नसेल तर पाइपाच्या लांबीएवढं अंतर सोडून दुसरा खड्डा करून दोन्ही जोडायचे. उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहायचं. नळाच्या पाइपाला अर्थ वायर बांधायची जुनी पद्धत आता अजिबात नको, मध्ये कुठंतरी प्लास्टिकचा पाइप आलेला असतो आणि मग तुमचा अर्थ म्हणजे नुसता नळ, कदाचित तुमच्या न्हाणीघरात हेच झालंय, ते आधी उघडून बघा. आणि अर्थ नाही म्हणून थ्री पिन सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडायची, हे तर कुणी करताना दिसलं तर काम तिथंच थांबवा. खांबापासनं घरापर्यंत न्यूट्रल कुठंही तुटला की फ्रिज, वॉशिंग मशीन सगळ्यांच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतं.

भिंती मातीच्या किंवा भेंड्याच्या असतील तर कन्सिल्डच्या (भिंतीत खाच मारून पुरलेल्या वायरिंगच्या) नादाला लागू नका. कटर लावला की भिंत ढासळते, पाइप ओल धरतो, वर गिलावा टिकत नाही. वरनं पीव्हीसी केसिंग पट्टी किंवा पाइप, आणि स्क्रू मातीत धरत नाही म्हणून जमेल तिथं तुळई, खांब, चौकटीच्या लाकडाच्या आधारानं न्यायचा. माळ्यावर वायर उघडी टाकायची नाही, उंदीर पीव्हीसी कुरतडतात, आणि जोड सगळे हाताला येतील अशा बॉक्समध्ये. पावसाचा मारा असलेल्या भिंतीवर बोर्ड नको. जुने गोल काळे स्विच आणि सागवानी पट्टी आवडत असेल तर शोभेला राहू द्या की, फक्त त्यात करंट नको.

गोठा असेल तर तिथंही आरसीसीबीवरचीच लाईन, आणि बोर्ड जनावरांच्या तोंडाला-अंगाला लागणार नाही इतका उंच, कारण माणसाला नुसत्या मुंग्या येतात एवढ्या करंटनं म्हैस दगावू शकते. आणि घराबाहेर एकदा फिरून या: खांबावरनं येणारी सर्व्हिस वायर ज्या जीआय तारेवर बांधलेली असते ती तार पत्र्याला टेकलीय का, आणि तिलाच किंवा तिच्या खुंटीला कपडे वाळत घालायची तार बांधलीय का. सर्व्हिस वायर घासून ही तार जिवंत होते आणि ओले कपडे घालायला गेलेल्या बाईचा जीव जातो, दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातनं अशी बातमी येते. कपड्यांना नायलॉनची दोरी बांधा, आजच बांधा, त्याला कुणा वायरमनची वाट बघायला नको. हा भाग मीटरच्या आधीचा, खांबाकडचा आहे म्हणून ह्या आरसीसीबीला तो दिसतच नाही.

वायर घेताना बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजारात सगळं मिळतं, पण वायरीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ छापलेलं बघून घ्या, ९० मीटरचं बंडल, तांब्याची एफआर (सहज आग न पकडणारी). स्वस्त बंडलात तांबं कमी भरतं, १.५ लिहिलेलं असतं आणि आत १ निघतं. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, हे शेवटच्या बल्बपर्यंत पाळायला लावा. स्विच नेहमी फेजवर.

कामाला सरकारी परवाना असलेला कॉन्ट्रॅक्टर घ्या, कारण लोड वाढवायचा तर हेस्कॉमला त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि आर आर नंबर (वीज कनेक्शनचा नंबर) अजून आजोबांच्या नावावर असेल तर नाव बदलायचं पण त्याच वेळी उरकून घ्या. मीटरच्या सीलला तुम्ही किंवा वायरमननं हात लावायचा नाही, तिथलं काम लाईनमनचं. आणि शेवटचे पैसे द्यायच्या आधी प्रत्येक लाईनीचा मेगरचा आकडा, अर्थचा आकडा आणि तारीख एका कागदावर लिहून घ्या, डीबीच्या दाराच्या आत चिकटवा. येत्या ऑगस्टला परत मेगर मारला की शेजारी तो आकडा लिहायचा, कुठली लाईन उतरतेय ते तिथंच दिसेल.